सरकारी दवाखान्यात सिस्टर खरंच कमी असतात, की हा नुसता बहाणा?

तुम्ही लिहिलंय की आईला ॲडमिट केलं तेव्हा रात्री सलाईन संपलं तरी सिस्टर आली नाही, आणि आली तीही खेकसतच. मी नाशिकमध्येच सरकारी नोकरीत अधिपरिचारिका आहे, म्हणजे तुम्ही जिला स्टाफ सिस्टर म्हणता ती. खेकसण्याचं समर्थन करत नाही. पण माणसं कमी आहेत हे खरं आहे. कामचुकार बायका आमच्यातही आहेत, कुठल्या खात्यात नसतात? मात्र त्या सगळ्या उद्यापासून धावायला लागल्या तरी वॉर्डाचा हिशोब जमत नाही.

तो हिशोब असा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयासाठी ५ खाटांमागे १ परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. लोकांना वाटतं, वा, पाच पेशंटला एक सिस्टर! तसं नाही. ती एक तीन पाळ्यांत वाटायची, म्हणजे एका पाळीत एकीच्या वाट्याला १५ खाटा येतात. हे सगळी पदं भरलेली असतील तर. त्यातून पदं मंजूर होतात खाटांवर आणि पेशंट येतात त्यांच्या गरजेनं. सरकारी दवाखान्यात 'जागा नाही' म्हणता येत नाही, मग दोन कॉटच्या मध्ये गादी पडते. ती गादी कुठल्याच हिशोबात नसते. कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या जागी सहसा कोणी येत नाही, उरलेल्यांना डबल ड्युटी.

आता रात्रीचं. पेठ-सुरगाण्याकडून १०८ ने बाई येते, हिमोग्लोबिन ५. रक्त लावायचं. पिशवीवरचा नंबर, गट, केसपेपर सगळं पडताळून रक्त सुरू केलं की पहिली १५ मिनिटं तिच्याजवळून हलायचं नसतं. थंडी वाजते का, अंगावर गांधी उठतात का, कंबर दुखते का, श्वास कसा चाललाय, हे बघत राहायचं, कारण रक्त जुळलं नाही तर बहुतेकदा ते याच वेळात कळतं आणि तत्क्षणी पिशवी बंद करावी लागते. नेमकं तेव्हाच दुसऱ्या टोकाला सलाईन संपतं आणि नातेवाईक 'सिस्टर, ओ सिस्टर' करत येतात. संपलेलं सलाईन थोडा वेळ थांबू शकतं, ती बाई नाही. तेवढं नीट समजावून सांगायला उसंत नसते, म्हणून आवाज चढतो.

एक गोष्ट बाहेर फारशी कळत नाही. माणसं कमी पडली की रजिस्टर, इंडेंट (औषधं-सामानाची मागणी), चादरींची मोजणी यातलं काही सुटत नाही, कारण ते तपासायला साहेब येतात. सुटतं ते पेशंटला कुशीवर वळवणं, तोंड स्वच्छ करणं, नुसतं जाऊन बघून येणं. ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला वॉर्ड सोपवताना, त्यातलं काहीच सांगावं लागत नाही. एकाच कुशीवर पडून पाठीला जखम झाल्यावर मात्र मेमो सिस्टरला.

कंत्राटी भरतीवर माझा विश्वास नाही. २०२२ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका याच मुद्द्यावर संपावर गेल्या होत्या. कंत्राटी मुली कामाला उत्तम असतात, पण हात बसेपर्यंत कुठे चांगली नोकरी मिळाली की निघून जातात, आणि जावंच त्यांनी. २०२७ च्या सिंहस्थाला आमच्यातल्याच कितीजणी डेप्युटेशनवर जातील ते वेगळंच.

तक्रार जरूर करा, पण 'सिस्टर उद्धट होती' एवढंच लिहू नका, त्याला एक मेमो निघतो आणि फाईल बंद. त्या रात्री त्या वॉर्डात पेशंट किती होते आणि सिस्टर किती, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. त्यात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, हे तिन्ही आकडे वेगवेगळे मागा, नाहीतर एकत्र करून पाठवतात.