रद्दीवाल्याला तूर्त परत पाठवा

प्रश्न : माझे सासरे चित्रकार होते. त्यांच्या प्रदर्शनांची आमंत्रणं, कॅटलॉग, मित्रांची पत्रं, बऱ्याच स्लाइड (चौकटीत बसवलेली फिल्म) आणि एक व्हीएचएस कॅसेट लोखंडी पेटीत पडून आहे. मुलगा म्हणतो, मोबाइलवर स्कॅन करू, कागद रद्दीत देऊ आणि सगळं नेटवर टाकू. चालेल का?
— एक सूनबाई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : सूनबाई, रद्दीवाल्याला तूर्त दारातूनच परत पाठवा. पेटी माळ्यावर असेल तर खाली घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा स्लॅबखाली काय भट्टी होते ते तुम्हाला सांगायला नको. पण कूलरच्या खोलीतही नको. त्या ओल्या हवेत स्लाइडला बुरशी धरते आणि फिल्मवरचं जिलेटिन खाऊन टाकते. आतल्या खोलीतलं कपाट, मधला कप्पा, बस्स.

पहिला नंबर कॅसेटचा, कारण चालू व्हीसीआर सापडणंच आता मुश्किल. खिडकीतून टेपवर पांढरी पूड दिसली, तर मात्र लावून बघू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

मग स्लाइड. त्यातलं चित्र जेमतेम 36 बाय 24 मिलिमीटरचं. दुकानदारानं 300 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केलं, तर हाती साधारण 425 बाय 283 पिक्सेल येतात, म्हणजे काहीच नाही. फिल्म स्कॅनरवर 4000 डीपीआय मागा. रंग गुलाबी पडले असतील तरी मूळ स्कॅन आहे तसा टिफ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, रंग सुधारायची हौस दुसऱ्या प्रतीवर भागवा. आणि स्लाइडच्या चौकटीचाही फोटो घ्या. चित्राचं नाव, माप, 'विकलं' असा शेरा, हे सगळं तिथेच पेन्सिलीनं लिहिलेलं असतं.

आमंत्रणांचंही तसंच, मागची बाजू सोडू नका. मला तर पुढच्या छापील मजकुरापेक्षा मागचाच जास्त आवडतो : फ्रेमवाल्याचे किती राहिले, टेम्पोचं भाडं किती झालं. मोबाइलची स्कॅन अ‍ॅप कागद पांढराशुभ्र करतात, त्यात नेमकी ही पेन्सिलीची अक्षरं उडतात. साधा फ्लॅटबेड स्कॅनर, 600 डीपीआय, कागदाच्या कडा दिसतील असा. पत्रं तारखेनं लावायचा मोह होईल, पण गठ्ठा सासऱ्यांनी बांधला तसाच राहू द्या. कोणतं पत्र कशासोबत ठेवलं, हीही माहितीच आहे.

या सगळ्याआधी, खरं तर आजच, सासूबाई असतील तर त्यांना आणि सासऱ्यांच्या मित्रांना घेऊन बसा. उद्घाटनाच्या फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे स्कॅनर सांगणार नाही. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

हे उगाच सांगत नाही. 2000 साली हाँगकाँगमध्ये सुरू झालेल्या 'एशिया आर्ट आर्काइव्ह'नं बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांच्याकडचे असेच कागद आणि फोटो डिजिटल करून अभ्यासकांना खुले केले. चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले, चित्रकार सय्यद हैदर रझा इथल्या कलाशाळेत शिकले, त्यांच्यावर लिहिणारे जगभर आहेत. इथेच राहून रंगवत राहिलेल्यांचा इतिहास मात्र तुमच्यासारख्यांच्या पेट्यांत आहे.

नेटवर टाकण्याचं म्हणाल, तर 1957 च्या कायद्यानं चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. चित्र विकलं गेलं तरी, लिहून दिलं नसेल तर, हक्क वारसांकडेच राहतो. तेव्हा दीर-नणंदांची लेखी संमती घ्या. फोटो पैसे देऊन काढून घेतलेले नसतील, तर त्यांचा हक्क बहुतेक वेळा फोटोग्राफरचा असतो. मित्रांची पत्रं तुमच्या पेटीत असली तरी त्यांतला मजकूर लिहिणाऱ्याचा, त्याच्या घरच्यांना विचारा. आणि एखाद्या पत्रात कुणाची उधारी, कुणाच्या घरचं भांडण निघालं, तर स्कॅन जरूर करा, पण संमती मिळाली तरी ते घरातच ठेवा.