मावळतीचं रान म्हणजे कुठलं रान?

एका ताईंनी विचारलंय की करवीर तालुक्यातल्या त्यांच्या सासरी मामा सारखं 'मावळतीचं रान' म्हणतात, ते संध्याकाळी पाणी पाजायचं शेत असतंय काय?

नाही ओ, पश्चिमेकडचं शेत. आमच्याकडं रान म्हणजे जंगल नव्हे, पिकाची जमीन, आणि दिवस मावळतो ती बाजू मावळत, उगवतो ती उगवत. खरेदीखताच्या चतुःसीमेत पूर्वेस-पश्चिमेस लिहितील पण बांधावर उभारल्यावर तोच माणूस "उगवतीच्या बांधाला नारळ हाय बघा" असंच सांगणार.

उगवणे हे संस्कृत उद्+गम्, म्हणजे वर येणे, यातून प्राकृतमार्गे आलंय. आता गंमत बघा, संस्कृतातल्या दिशा उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभारलेल्या माणसावरनं पडल्यात, पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम मागची, दक्षिण उजव्या हाताची. उगवत-मावळतीत माणूस कुठं तोंड करून उभाय याचा संबंधच नाही, थेट सूर्याचंच नाव, म्हणून मला हे शब्द जास्त जवळचे वाटतात.

आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईचं तोंडच मावळतीला आहे. नोव्हेंबरात आणि परत जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला किरणोत्सव असतो, तेव्हा मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट गाभाऱ्यात येतात, आधी पायाशी आणि मग वर चढत चेहऱ्यापर्यंत, आणि ढग आडवा आला की सगळ्यांचा जीव खालीवर. वर्षात दोनदा का, तर सूर्य मावळायची जागा रोज थोडी सरकते आणि जाता-येता त्याच ठिकाणावर दोनदा येते. म्हणजे मावळत हा एक ठिपका नाही, क्षितिजाचा चांगला ऐसपैस पट्टा आहे.

उत्तर-दक्षिणेला मात्र अशी सूर्याची जोडी नाही, तिथं ओढा, रस्ता, देऊळ सांगून भागवतात.

अजून एक, मामा 'वरल्या अंगाला' म्हणाले तर नकाशातली वरची म्हणजे उत्तर बाजू धरू नका. वर म्हणजे चढाची बाजू, पाणी जिकडनं येतं ती. पंचगंगेच्या भोगावती, कुंभी, कासरी या नद्या सह्याद्रीतनं येतात आणि पंचगंगा पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, त्यामुळं नदीच्या हिशोबानं राधानगरी-गगनबावड्याकडं वर आणि शिरोळकडं खाली. पण गगनबावडा ओलांडून करूळ घाट उतरला की त्याच मावळतीला "खाली कोकणात" म्हणतात, दिशा तीच, उतार बदलला.


तेव्हा मावळतीचं रान विचारायचं असेल तर सूर्याकडं बघा, वरलं रान विचारायचं असेल तर पाटाचं पाणी कुठनं येतंय ते बघा.