सुरतचं पॉलिस्टर, घरची इस्त्री आणि लाकडी पंख

तुमचा प्रश्न असा की लाकडी विमान घरी बांधताय, पंखांना विमानाचं महागडं कापड न लावता सुरतेहून पॉलिस्टर आणलं तर चालेल का, आणि वर लेपाचे किती हात द्यायचे. जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘तबल्यासारखं वाजेपर्यंत इस्त्री करायची हे माहीत आहे.’ खरं तर त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

आधी कापडाचं उरकतो. नाही, चालणार नाही. ताकद हे कारण नाही, ताकद कदाचित पुरेल. पूर्वी विमानांना लावायच्या ग्रेड-ए सुती कापडाची एक इंच रुंद पट्टी नवी असताना 80 पौंड तोलायची आणि 56 पौंडांच्या, म्हणजे साधारण 25 किलोच्या, खाली आली की कापड बाद. पट्टीची दोन्ही टोकं गोल पाइपवर गुंडाळा (क्लॅम्पमध्ये धरलीत तर तिथेच कापली जाते), खाली पाण्याचा कॅन लटकवा, तुमचं तुम्हालाच कळेल. अडचण आकसण्याची आहे. बाजारातलं पॉलिस्टर गिरणीतच गरम करून स्थिर केलेलं असतं, म्हणजे त्याचं आकसणं तिथेच खर्च झालेलं असतं. विमानाचं कापड कोरं, न आकसलेलं ठेवतात. दहा इंचांचा चौकोन आखून 177 अंश सेल्सिअसची इस्त्री फिरवा. विमानाचं कापड दोन्ही दिशांनी नऊ इंचांच्या आसपास येतं. दुकानातलं एक तर हलत नाही, नाही तर उभा धागा एका मापाने आणि आडवा दुसऱ्याच मापाने ओढला जातो. त्यात वर खळ आणि मऊपणाचं फिनिश असतं, त्यावर गोंद धरत नाही. विमानाच्या कापडात चौरस मीटरला सुमारे 60, 90 आणि 115 ग्रॅम अशी तीन वजनं मिळतात. छोट्या लाकडी विमानाला मधलं घ्या.

आता तबला.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये एलिव्हेटरला (शेपटीवरची आडवी, वरखाली हलणारी फळी) कापड चढवलं होतं. रिब्ज, म्हणजे आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, 6 मिलिमीटरच्या, दोन रिब्जमध्ये दहा इंच, ट्रेलिंग एजला, म्हणजे मागच्या कडेला, स्प्रूस लाकडाची पातळ पट्टी. आमच्या भागीदाराचं म्हणणं एकच, बोट मारलं की टणकन वाजलं पाहिजे. इस्त्री घरची, कळ ‘कॉटन’वर. पहिल्या फेरीत सुरकुत्या गेल्या, दुसरीत कापड वाजायला लागलं. तिसऱ्या फेरीत ट्रेलिंग एज प्रत्येक दोन रिब्जच्या मधे आत ओढली गेली. मागून डोळा लावून पाहिलं तर सरळ रेघेऐवजी कंगोरे, मधोमध 5 मिलिमीटर. मग टकन आवाज आला आणि एका रिबचा गसेट (सांध्यावर चिकटवलेला प्लायचा तुकडा) सुटला. आणि त्यानंतर कापड सैल पडलं! भागीदारसाहेबांनी निदान केलं की उष्णता कमी पडतेय, आणि कळ आणखी पुढे केली.

झालं होतं उलटं. पॉलिस्टर 177 अंशांपर्यंत आकसतं. त्यापुढे गेलात की धाग्यातला ताण निघून जातो, आणि मग कितीही इस्त्री फिरवा, तो परत येत नाही. घरच्या इस्त्रीचं ‘कॉटन’ दोनशेच्या घरात असतं. ते कापड फाडून काढावं लागलं. शिवाय गसेट, शिवाय नवी ट्रेलिंग एज.

भागीदाराचा मुद्दा कुठून आला तेही सांगतो, कारण तो अगदीच हवेतला नव्हता. सुती कापड इस्त्रीने आकसत नाही, त्याला डोप (कापडावर द्यायचा लॅकरसारखा लेप) आकसवतो, आणि दमट हवेत ते पुन्हा सैलावतं. म्हणून सुती काळातली माणसं बोटाने वाजवून पाहायची. फ्लाइंग क्लबात पुष्पक या जुन्या कापडी विमानाभोवती वावरलेल्या प्रत्येकाच्या तोंडी हा तबला असतो. पण पुष्पकचं फ्युजलाज, म्हणजे धड, पोलादी नळ्यांचं, ते ताण सोसतं. तबल्याचं खोडही शिसवाचं, भरीव लाकूड कोरून काढलेलं. आपली रिब म्हणजे सहा मिलिमीटरची पट्टी. पुडी तीच ताणायची आणि खोड काडेपेटीचं, असा हा प्रकार. आणि घट्टपणा म्हणजे ताकद नव्हे. कापड न फडफडता रिबचा आकार धरून राहिलं की त्याचं काम झालं.

तर इस्त्री अशी करायची. कळीवरच्या खुणांवर विश्वास नको. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तळावर धरलात तर तो बरंच कमी दाखवतो. तळाच्या एका कोपऱ्याला मॅट काळा रंग लावा, नाही तर तळाला टेकणारा प्रोब वापरा, आणि 121, 149 आणि 177 या तीन जागा कळीवर मार्करने ठळक करा. इस्त्री सुरू-बंद होताना तापमान वरखाली होतं, त्यातला वरचा आकडा धरा. एलिव्हेटर आणि रडर (शेपटीवरची उभी हलणारी फळी) यांच्या दोन्ही बाजूंना कापड चिकटवल्याशिवाय एकीकडेही इस्त्री लावू नका, ढाचा त्या बाजूला पिळतो. आधी दोन्ही बाजू 121 वर, एकाआड एक खण (दोन रिब्जमधली जागा) घेत. मग ट्रेलिंग एजला दोरी धरून पाहा. सरळ असेल तर 149, पुन्हा दोरी, मग 177. दोरीपासून पट्टी हलायला लागली की थांबा, आकडा कुठलाही असो. चिकटवलेल्या सांध्यांवर सुमारे 110 च्या वर जाऊ नका, गोंद मऊ पडून सांधा सरकतो.

डोप वापरणार असाल तर ‘नॉन-टॉटनिंग’, म्हणजे कापड न ताणणारा, मागा. डोप दोन जातींचा, नायट्रेट आणि ब्युटिरेट. साधा ब्युटिरेट वर्षानुवर्षं आकसत राहतो. इस्त्रीने वाचवलेली रिब तो सावकाश मोडेल. पहिला हात नायट्रेटचाच, कारण ब्युटिरेट पॉलिस्टरला धरत नाही. नायट्रेट भडकन पेटतो, तेव्हा नायलॉनचे कपडे नकोत आणि जमीन ओली ठेवा.

लाकडाला साधं वॉर्निश मारलं असेल तर गोंदातलं थिनर ते विरघळवतं आणि कापड वॉर्निशसकट सुटतं. दोन भागांचं इपॉक्सी वॉर्निश मारा.

आता हात. डोपऐवजी पॉलि-फायबर कंपनीच्या पद्धतीने जाणार असाल तर त्यांच्या पॉलि-ब्रश या लेपाचा पहिला हात ब्रशने, विणीत मुरेल इतका, पण पलीकडे थेंब गळतील इतका नाही. मग रिब-स्टिचिंग (कापड रिबला दोऱ्याने शिवणं), त्यावर टेप, मग पॉलि-ब्रशचे दोन हात स्प्रेने. त्यावर चंदेरी पॉलि-स्प्रेचे तीन आडवे-उभे हात, शेवटी रंगाचे दोन-तीन. चंदेरी थरात अॅल्युमिनियम असतं आणि तोच ऊन अडवतो. ऊन लागलं की पॉलिस्टर भराभर कमकुवत होतं. अंधारात पंखाच्या आत दिवा लावा. बाहेरून कुठेही उजेड दिसला तर चंदेरी अजून कमी आहे. चंदेरी थर होईपर्यंत पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. पुढेही टाक्यांच्या आणि रिबच्या उंचवट्यावर नको, तिथे दोन घासांत धागा कापला जातो.

स्टिचिंगला फाटा देऊ नका. ‘गोंद एवढा घट्ट आहे, शिवायचं कशाला’ हेही त्याच भागीदाराचं. पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापड वर ओढते. गोंद घसरण्याला तगडा असतो, सोलून निघण्याला दुबळा. रिबवर आधी मजबुतीची टेप, त्यावर टाके. छिद्र कॅप स्ट्रिपला (रिबच्या कडेवरची पट्टी) अगदी लागून हवं, लांब पडलं तर टाका कापडच फाडतो. प्रोपेलरच्या झोतात दोन टाक्यांमध्ये अडीच इंचांचं अंतर ठेवा, बाहेर विमानाच्या कमाल वेगानुसार तक्त्यातून काढा, आणि दोन्ही टोकांना अंतर निम्मं करा.

बडोद्यात हे काम पावसाळ्यात काढू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि डोप पांढरा पडतो. त्या पांढऱ्या थरात दम नसतो. रिटार्डर (सावकाश उडणारं थिनर) घालून थोडंफार सावरता येतं, पण दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस कोरडे मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? थंडीतही दहाच्या आधी स्प्रे नको. उत्तरायणाचे दोन दिवस सोडूनच द्या, मदतीला बोलावलेला प्रत्येक जण गच्चीवर असतो.

प्रत्येक खणाच्या सगळ्यात खालच्या जागी ट्रेलिंग एजजवळ ग्रॉमेट (भोकाभोवतीची कडी) लावून पाणी जायला भोक ठेवा, सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने पाडा. लाकूड आतून कुजलं तर बाहेरून कळत नाही.

थोडं उलट बाजूनेही. वर जे थांबा-थांबा म्हटलं ते लाकडाच्या नाजूक भागांसाठी. फ्युजलाज नळ्यांचं असेल तर बिनधास्त 177 पर्यंत जा, कापड बनवणाऱ्यांचंही तेच सांगणं असतं. प्लायवर कापड पूर्ण चिकटतं, तिथे ताणाचा प्रश्नच नाही. आणि सुरतच्या कापडाला मी नाही म्हटलं तरी त्याचा एक वार आणाच, इस्त्रीवर हात बसवायला. एक फूट चौरसाची फ्रेम ठोका, तीवर विमानाचं कापड चढवा, पंखांना जे जे हात द्याल ते त्याच दिवशी तिलाही द्या आणि ती उन्हात ठेवा. पुढे शंका आली तर पट्टी तिच्यातून कापता येते, पंखाला कात्री लागत नाही.

रंग झाला की एलिव्हेटर आणि रडर पुन्हा तोलून पाहा. बिजागरीच्या मागे चढलेला प्रत्येक ग्रॅम फ्लटरकडे, म्हणजे वेगात फळी जोरजोरात थरथरू लागण्याकडे, नेतो. आमच्या त्या एलिव्हेटरवर दुसऱ्यांदा कापड चढवलं तेव्हा 149 वर थांबलो. ते वाजत नाही. बोट मारलं की धप् असा आवाज येतो, आणि दोरी धरली की ट्रेलिंग एज सरळ दिसते.