एफडी मोडून कॅमेरे लावावेत का?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, साताऱ्यात बंगला आहे. जूनपासून तीन महिने मुलाकडे जर्मनीला जाणार आहोत. मागच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून झोप उडाली आहे. घरात 25 तोळे सोनं आहे, सोनार साधारण 30 लाखांचं म्हणतो. आठ कॅमेरे, अलार्म आणि डिजिटल तिजोरी यांचं 1 लाख 40 हजारांचं कोटेशन आलंय. त्यासाठी एफडी मोडावी का? घराचा विमा आहे. लॉकर नाही.

बाई, या कोटेशनसाठी तरी एफडी मोडू नका. 7 टक्क्यांनी धरलं तर 1 लाख 40 हजारांवरचं वर्षाचं 9,800 रुपये व्याज जाईल, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड. पण मला जास्त खटकलं ते पत्रातलं शेवटचं वाक्य. 30 लाखांचा ऐवज बंद घरात तीन महिने ठेवून तुम्ही राखणदार शोधताय. आधी ऐवज हलवा, मग राखण्यासारखं घरात फारसं उरत नाही.

लॉकरचं भाडं समजा वर्षाला 3,000 असेल, तर 18 टक्के जीएसटीसकट 3,540 होतात. बँकेत लेखी अर्ज द्या. लॉकर शिल्लक नसेल तर प्रतीक्षायादीतला क्रमांक देणं बँकेला बंधनकारक आहे. तीन वर्षांचं भाडं आणि वेळ आली तर लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी ठेव बँक मागू शकते. त्याहून मोठी एफडी किंवा विमा गळ्यात मारू लागले, तर सरळ नाही म्हणा.

लॉकर म्हणजे हमी मात्र नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पट. तुमच्या बाबतीत 3 लाख. आत 30 लाखांचं सोनं आहे, हे बँकेला ठाऊकही नसतं. तरीही ओस बंगल्यातल्या कपाटापेक्षा स्ट्राँगरूम कितीतरी बरी. (माझी आई कपाटाची चावी साड्यांच्या घडीखाली ठेवायची. चोरांना ती जागा तोंडपाठ असते.)

आता विमा. इथे बहुतेकांची फसगत होते. तुमची पॉलिसी एप्रिल 2021 पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ असेल, तर तिच्या मूळ संरक्षणात साधी घरफोडी येत नाही. आग, पूर अशी विम्यातली आपत्ती आली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्यातही जबरदस्तीनं घुसल्याच्या खुणा आणि एफआयआर लागतो. कामवाल्यांनी केलेली चोरी बहुधा वगळलेली असते. अनेक पॉलिसींत घर सलग 30 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर संरक्षण थांबतं. तुम्ही 90 दिवस नसणार! म्हणून हप्ता भरण्याआधी या एका कलमाबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, एजंटच्या फोनवर विसंबू नका. दागिन्यांचा विमा निराळा असतो, लॉकरमधल्यांचाही मिळतो. जुन्या दागिन्यांच्या पावत्या नसतील, तर मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून वजनानिशी दाखला आणि फोटो करून घ्या.

कोटेशनमधली तिजोरी पूर्ण वगळा. भिंतीत वा जमिनीत बोल्टनं पक्की न केलेली तिजोरी म्हणजे चोरासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं. आठ कॅमेरेही नकोत; पुढे-मागे दोन पुरेत, पण चित्रण मोबाइलवर आणि क्लाउडवर जाणारे घ्या. नुसता डीव्हीआर (घरातच चित्रण साठवणारा डबा) असला तर चोर तोही उचलून नेतात.

खरा खर्च दारांवर करा. ‘कडी-कोयंडा उचकटून’ ही बातमी आपण रोज वाचतो, आणि तरीही पुढच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप लटकवून घर बंद असल्याची दवंडी पिटतो. दाराच्या आत बसणारं चांगलं कुलूप, मागच्या दाराला लोखंडी जाळी, खिडक्यांच्या गजांची डागडुजी. कॅमेरे धरून हे सगळं माझ्या अंदाजानं 40 हजारांत बसावं, बचत खात्यातूनच भागेल.

लॉकर दोघांच्या नावावर घ्या आणि नामांकन त्याच दिवशी करा, मुलगा परदेशात आहे म्हणून तर नक्कीच. जूनपर्यंत लॉकर मिळालाच नाही, तर तुमच्या बहिणीचा किंवा भावाचा लॉकर आहे का ते विचारा; वजनासह यादी करून दोघांच्या सह्या घ्या. नात्यात हे अवघड वाटतं, म्हणून यादी तुम्हीच हसत हसत पुढे करा.