वाचकांचे प्रश्न : व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची आखणी

गेल्या अंकात हिमालयातील संरक्षित क्षेत्रांविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे एकाच ठिकाणाविषयी असल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही परभणीच्या चार शिक्षिका आहोत. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांत व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहून यावे असा बेत आहे. रेल्वेचे आरक्षण कधी करावे?

उत्तर : आरक्षणाच्या आधी बेतच बदलावा लागेल. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातले हे राष्ट्रीय उद्यान वर्षातून १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढेच खुले असते. दिवाळी नोव्हेंबरात आली तर आत जाता येणार नाही आणि ऑक्टोबरात आली तर जाता येईल, पण तोवर फुले संपून गवत पिवळे पडलेले असेल. उन्हाळी सुट्टीचाही उपयोग नाही, कारण मे महिन्यात प्रवेश नसतो आणि जूनच्या सुरुवातीला वाटेवरच्या घळींमध्ये बर्फ असते, फुले तुरळक. खरा बहर साधारणपणे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. म्हणजे शाळा ऐन भरात असताना रजा टाकण्यावाचून इलाज नाही. त्या महिन्यातही आपल्याला छायाचित्रात दिसलेलेच फूल दिसेल अशी खात्री धरू नये. तिथली फुले आठवड्या-आठवड्याला पालटतात, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण तिथल्या रानतेरड्यालाच नव्हे तर साऱ्या घाटीलाच लागू पडते.

आता दिवसांचा हिशेब. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोचते आणि त्याच रात्री हरिद्वार गाठता येते. तिसरा दिवस हरिद्वार ते जोशीमठ या डोंगरी रस्त्यात जातो. चौथ्या दिवशी गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत जीपने आणि पुढे सुमारे नऊ-दहा किलोमीटर पायी घांघरिया हे मुक्कामाचे ठिकाण. पाचवा दिवस फुलांच्या घाटीसाठी, सहावा जवळच्या हेमकुंड साहिब या शीख तीर्थासाठी, सातव्या दिवशी उतरून जोशीमठ, आठव्या दिवशी हरिद्वार, नवव्या दिवशी दिल्लीहून परतीची गाडी आणि दहाव्या दिवशी घर. यात एकही दिवस राखीव नाही, आणि जुलै-ऑगस्टात बद्रीनाथच्या रस्त्यावर दरड कोसळून वाहतूक थांबणे ही नेहमीची गोष्ट आहे. जून २०१३च्या महापुरात तर गोविंदघाटचा पूलच वाहून गेला होता. म्हणून दोन दिवस हातचे ठेवून बारा दिवसांची रजा काढावी. आठ दिवसांत ही सहल उरकता येते असे सांगणारे भेटतील, पण ते बहुधा नशिबाने उघडीप मिळालेल्या एखाद्या खेपेवरून बोलत असतात.

प्रश्न : घाटीत तंबू ठोकून एक रात्र राहता येईल का? स्वतः स्वयंपाक करण्याची आमची तयारी आहे. (जालना)

उत्तर : नाही. उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही, चूल पेटवता येत नाही, आणि घोडी-खेचरे आत सोडत नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांना पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारे हमाल मिळतात. परवाना घांघरियाजवळच्या वनविभागाच्या चौकीवर तपासला जातो, दुपारनंतर आत जाऊ देत नाहीत आणि संध्याकाळच्या आत सर्वांना बाहेर यावे लागते. त्यामुळे उशिरा उठून सावकाश न्याहारी करून निघणाऱ्याच्या वाट्याला घाटीचे तोंडच तेवढे येते. फाटक उघडताना तिथे हजर असलेला माणूस पुष्पावती नदीच्या पात्रापर्यंत आणि १९३९ साली घसरून मृत्यू पावलेल्या जोन मार्गारेट लेग या वनस्पती-संग्राहक बाईंच्या समाधीपर्यंत जाऊन निवांतपणे परतू शकतो.

हे नियम जाचक वाटले तरी त्यांमागे कारण आहे. तिथे वनस्पतीला रुजण्यापासून बी धरण्यापर्यंत सारे काही बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत उरकावे लागते. मातीचा थर पातळ असतो, आणि एकदा तुडवलेला तुकडा पुढच्या हंगामात भरून येईलच असे नाही. मात्र माणसाने हात काढून घेतला की निसर्ग आपोआप सावरतो हेही पुरते खरे नाही. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यानंतर भ्यूंडार खोऱ्यातील गावकऱ्यांची शतकानुशतकांची चराई बंद झाली, आणि पुढे पॉलिगोनम नावाची उंच, दाट वाढणारी वनस्पती इतकी फोफावली की वनविभागाला ती उपटून काढण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. चराई थांबवल्यामुळेच हे झाले का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जनावरे वळणाऱ्यांना विचारल्याशिवाय असे निर्णय होऊ नयेत, असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही नांदेडचे. आई बासष्ट वर्षांची असून तिला हेमकुंड साहिबचे दर्शन घ्यायचे आहे, मला फुले पाहायची आहेत. दोन्ही जमेल का? आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे.

उत्तर : नांदेडकरांना या वाटेचे अगत्य असणे स्वाभाविक आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला ते आपले नांदेड, आणि पूर्वजन्मी त्यांनी जिथे तप केले अशी श्रद्धा आहे ते हेमकुंड. गोविंदघाट आणि घांघरिया या दोन्ही ठिकाणच्या गुरुद्वारांत राहण्याची व लंगरची सोय होते. गर्दीच्या दिवसांत मात्र निजायला हातभर जागा मिळाली तरी समाधान मानावे.

दोन्ही जमेल, पण क्रम चुकवू नये. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर, तर आपण जिथून पुलनाची जीप पकडता ते गोविंदघाटच सुमारे १,८०० मीटरवर आहे. घांघरिया ३,००० मीटरच्या किंचित वर आणि हेमकुंड ४,००० मीटरच्याही पुढे. विरळ हवेमुळे होणारा उंचीचा त्रास होईल की नाही हे दिवसा कुठवर चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो यावर अधिक अवलंबून असते. म्हणून आधी जोशीमठात मुक्काम करावा, घांघरियाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी चढ कमी असलेली फुलांची घाटी पाहावी आणि हेमकुंड त्यानंतर ठेवावे. हेमकुंडाच्या वाटेवर घोडी मिळतात, आईंसाठी तीच घ्यावीत. वर मुक्काम करू देत नाहीत, दुपारीच खाली उतरावे लागते.

रक्तदाबाची गोळी बंद करू नये आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्स ही गोळी अनेकजण एकमेकांच्या सांगण्यावरून घेतात, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ती घातक ठरू शकते, तेव्हा तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. डोके दुखणे, मळमळणे, जेवणावरची वासना उडणे ही या त्रासाची पहिली लक्षणे होत. ती दिसली की आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी खाली उतरावे, आणि दर्शन राहिले म्हणून आई रुसल्या तरी त्यांचे ऐकू नये.

प्रश्न : आमच्याकडे सगळा सपाट मुलूख. सराव कुठे करावा? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : देवगिरी किल्ला आपल्या दारात आहे. तो डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे आणि घांघरियाहून हेमकुंडाचा चढ हजार मीटरहून अधिक, म्हणजे पाच देवगिरी एकावर एक रचल्यासारखा. दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा पाठीवर सहा-सात किलोची पिशवी घेऊन किल्ल्याच्या पायऱ्या चढाव्यात, आणि उतरण्याचा सराव विशेष करावा, कारण गुडघे बोलू लागतात ते उतारावर. रविवारी गौताळा अभयारण्याच्या परिसरात पावसात चालून पाहावे. नवे बूट तिथेच भिजवून पाहावेत. ओल्या बुटात टाच कुठे घासते हे घांघरियात कळण्यापेक्षा कन्नडला कळलेले बरे.

प्रश्न : तिथून ब्रह्मकमळाचे रोप किंवा बी आणता येईल का? आमच्या लातूरच्या बागेत एक आहेच, पण ते रात्री फुलते.

उत्तर : आपल्या बागेत आहे ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेली निवडुंगवर्गीय वनस्पती आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले असून फुलांभोवतीची फिकट, कागदासारखी पाने त्यांना थंडी-पावसापासून जपतात. हेमकुंडाच्या आसपास ते दिसते. लातूरच्या उन्हात ते जगणार नाही, आणि राष्ट्रीय उद्यानातून फूल, रोप वा बी उचलणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. घांघरियात कोणी विकत देऊ केले तरी घेऊ नये.