शैक्षणिक परिषदा शोधून देणारं वेब ॲप बनवतोय. शिफारशींसाठी कोणतं अल्गोरिदम घेऊ?

अल्गोरिदम राहू द्या, आधी तारखा नीट साठवा. एका परिषदेला एकच तारीख नसते: सारांश पाठवायची, पूर्ण पेपरची, निकालाची, नोंदणीची, मग प्रत्यक्ष कार्यक्रमाची. टेबलात 'डेडलाइन' असा एकच कॉलम ठेवलात तर पुढे रडायची वेळ येते. माझं रडून झालंय. तारखांचं टेबल वेगळं करा आणि मुदत वाढली की जुनी तारीख पुसू नका, नवी ओळ घाला.

दुसरी मेख टाइमझोनची. संगणकशास्त्रातल्या बऱ्याच परिषदा मुदत 'एओई'मध्ये (एनीव्हेअर ऑन अर्थ) देतात, म्हणजे पृथ्वीवर कुठेही तो दिवस शिल्लक असेपर्यंत. हा झोन यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास मागे. त्यामुळे ३० जूनची मुदत यूटीसीप्रमाणे १ जुलैला दुपारी १२ ला संपते. डेटाबेसमध्ये यूटीसी ठेवा, स्क्रीनवर वापरणाऱ्याची स्थानिक वेळ दाखवा, आणि शेजारी आयोजकांनी लिहिलेली मूळ वेळ.

शिफारशींचं म्हणाल तर सुरुवातीला विषयांचे टॅग, पोस्टग्रेस या डेटाबेसमधला फुल-टेक्स्ट सर्च (मजकुरातले शब्द शोधणं) आणि जवळची मुदत आधी, एवढ्यावर भागतं. पुढे वापरणाऱ्याकडून त्याच्याच दोन-तीन पेपरांचे सारांश मागून घ्या. नुसत्या टॅगपेक्षा जुळणी बरीच सुधारते.

आयकॅलेंडर फीड, म्हणजे तारखा थेट वापरणाऱ्याच्या कॅलेंडरमध्ये दिसाव्यात अशी लिंक, मात्र पहिल्याच आवृत्तीत हवं. लोक तुमच्या साइटवर रोज येणार नाहीत, स्वतःचं कॅलेंडर रोज उघडतात. आणि फी उकळणाऱ्या बोगस परिषदा खूप असतात, म्हणून नवी नोंद माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रसिद्ध करू नका.