पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आता काय?

प्रश्न: दादा, बाहेरच्या देशातून ऑनलाईन बूट मागवले, शिपिंगसकट सगळे पैसे आधीच भरले. आता कुरिअरवाला म्हणतो ड्युटी आणि टॅक्स भरा मगच पार्सल मिळेल. मी वाचलेलं ड्युटी १० टक्के, टॅक्स २० टक्के, म्हणजे ३० झाले ना, पण बिल त्याहून बरंच जास्त आहे. विक्रेता म्हणतो पुढच्या वेळी वर 'गिफ्ट' लिहितो आणि किंमत निम्मी दाखवतो. चालेल का?

उत्तर: आधी बिलाचं बघू. समजा बूट १०० चे आणि शिपिंग २०. बऱ्याच देशांत कस्टमवाले नुसती वस्तूची किंमत धरत नाहीत, वाहतूक आणि विमाही त्यात मिळवतात, म्हणजे ड्युटी लागली १२० वर, झाले १२. टॅक्स लागतो तो या दोन्हीच्या बेरजेवर, १३२ च्या २० टक्के म्हणजे २६.४०. झाले की ३८.४०! शिवाय कुरिअर कंपनी तुमच्या वतीने पैसे भरले म्हणून स्वतःची फी लावते ती वेगळीच. टॅक्सवर टॅक्स आहे हा, मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा चीड आली होती. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे ड्युटी काढताना वाहतुकीचं भाडं धरत नाहीत, पण ते त्यांच्यापुरतं. कुरिअरकडून बिलाची फोड मागून घ्या, त्यात सरकारी किती आणि त्यांची फी किती ते कळेल, घासाघीस झालीच तर त्या फीवरच होईल.

आता गिफ्टचं. हे अजिबात करू नका. गिफ्ट म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला स्वतःच्या खिशातून पाठवलेली वस्तू, तुम्ही पैसे मोजून दुकानातून मागवलेली नाही. आणि खऱ्या गिफ्टलाही मर्यादा असतेच, युरोपियन युनियनमध्ये ती ४५ युरो आहे. माझ्याकडे असाच एक खोका आला होता, वरच्या चिठ्ठीवर 'गिफ्ट'वर खूण, वर्णनात नुसतं 'ॲक्सेसरीज', आणि आत विक्रेत्याचं खरं इनव्हॉइस घडी करून ठेवलेलं! आता काय बोलणार. खोटी किंमत लिहिली विक्रेत्याने तरी माल मागवणारे तुम्ही, दंड किंवा जप्ती तुमच्या गळ्यात, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्या लिहिलेल्या किंमतीवरच मिळणार. त्यापेक्षा चेकआऊटला डीडीपी लिहिलंय का बघा, त्यात ड्युटी-टॅक्स विक्रेताच भरतो, दारात कोणी काही मागत नाही.

प्रश्न: छोट्या पार्सलला काही लागत नाही असं मित्र म्हणतो, खरं का?

उत्तर: मित्राची माहिती जुनी झालीय. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ ला बंद केली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. ऑर्डर करायच्या आधी आपल्या देशाच्या कस्टमच्या साईटवर बघायचं, मित्राला नाही विचारायचं.

प्रश्न: एकाच वस्तूला दोन वेगळे रेट सांगतात, कोणता खरा?

उत्तर: एचएस कोडवर अवलंबून, म्हणजे कस्टमवाले वस्तूच्या प्रकाराला जो नंबर देतात त्यावर. जगभर पहिले सहा आकडे सारखे, १९८८ पासून चालू आहे हे, पुढचे आकडे प्रत्येक देश आपले जोडतो आणि रेटही आपला ठेवतो. पण वस्तू कोणत्या खणात बसते यावरूनच खरी भांडणं होतात. अमेरिकेत एक्स-मेनच्या (कॉमिक्समधली अचाट शक्तीची 'म्यूटंट' पात्रं) छोट्या पुतळ्यांवरून केस झाली होती, बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती आणि तिला ड्युटी जास्त, इतर खेळण्यांना कमी. मग पुतळे आणणारी कंपनीच कोर्टात सांगायला लागली की हे म्यूटंट माणूस नाहीतच, आणि २००३ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं! तर तुम्ही विक्रेत्याला एवढंच सांगा, इनव्हॉइसवर 'शूज' लिहून सोडू नको, चामड्याचे का कापडाचे, तळवा कसला, पुरुषांचे का बायकांचे ते लिही, म्हणजे कस्टमवाला अंदाजाने कोड टाकणार नाही.

प्रश्न: बूट मापात बसले नाहीत, परत पाठवले तर ड्युटी मिळते का?

उत्तर: बऱ्याच देशांत मिळू शकते, पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो आणि त्याला मुदत असते. ड्युटी भरल्याची पावती आणि परत पाठवल्याचा ट्रॅकिंग नंबर जपून ठेवा. आणि खोक्यावर 'परत माल' असं स्पष्ट लिहा, नाहीतर तिकडचे कस्टमवाले नवा माल आला म्हणून विक्रेत्याकडून ड्युटी घेतील आणि तो ती तुमच्या रिफंडमधून कापेल.